वातीने लावली वाट

मेणबत्तीत मेणापेक्षा वात महत्त्वाची असते, हे मला चाळीस मेणबत्त्या ओतून झाल्यावर कळलं.

त्याआधी माझा आणि वातीचा संबंध देवघरापुरता होता, आणि तिथेही वाती वळायचं खातं सासूबाईंकडे आहे. मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे एखादी गोष्ट दिसायला छान असली की ती बरोबरच असणार, अशी माझी ठाम समजूत. या समजुतीवर मी आजवर दोन सोफे, एक भाडेकरू आणि असंख्य आंबे निवडले आहेत. सगळे दिसायला छान होते.

आमच्या केतकीचं लग्न ठरलं ते मुलुंडच्या निनादशी. मुलगा चांगला, घर चांगलं, माणसं चांगली. फक्त होणाऱ्या विहीणबाई, शुभदाताई, जरा जास्तच चांगल्या. औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचं काम केलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर तारीख असते. आमच्याकडे डब्यावर 'साखर' लिहिलेलं असतं आणि आत पोहे निघतात. (हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.)

साखरपुड्याचं ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो. बोरीवली आणि मुलुंड नकाशावर अगदी शेजारी दिसतात, मध्ये फक्त एक जंगल. प्रत्यक्षात नाश्ता करून निघालं की जेवायच्या वेळेला पोचतो. चहा झाला, हॉलचं बोलणं झालं, आणि पाहुण्यांना रिटर्न गिफ्ट काय द्यायचं हा विषय निघाला.

"स्टीलचे छोटे डबे देऊ," शुभदाताई म्हणाल्या. "घट्ट झाकणाचे. वापरात राहतात."

मी हसले. ते हसू नेमकं कसं होतं, ते घरी आल्यावर केतकीने मला करून दाखवलं. बघवत नव्हतं.

"डबे हल्ली कुणी देत नाही हो," मी म्हटलं. "मी मेणबत्त्या करीन ना. सोयाबीनच्या मेणाच्या, काचेच्या बरणीत, मोगऱ्याच्या वासाच्या. चाळीसच तर करायच्यात."

"अरे वा. तुम्ही करता मेणबत्त्या?"

"हो तर."

(केलं होतं काय, तर दोन व्हिडिओ पाहिले होते. त्यातला एक अर्धा.)

माझा नवरा संजय कप ओठांशी तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय आणि आत माणसं आहेत, असा फोन आला की त्याचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता.

घाटकोपरला एका गल्लीत मेणबत्तीचं सगळं सामान मिळतं. दुकानदार गुजराती, वयस्कर आणि फार शांत. बरण्या मी आधीच बोरीवलीत घेतल्या होत्या, गोल, जाड काचेच्या, देखण्या. दुकानात मेण घेतलं, मोगऱ्याचं सुगंधी तेल घेतलं, आणि म्हटलं, "वाती पण द्या."

"जार का डायामीटर क्या है, बेन?"

"मध्यम."

"मध्यम कोई डायामीटर नहीं होता, बेन. सेंटीमीटर में बोलो."

मी दोन्ही हातांनी हवेत एक बरणी धरून दाखवली. त्याने त्या बरणीकडे जरा वेळ आदराने पाहिलं. मग एक सुस्कारा सोडून काउंटरवर वातींच्या जुड्या मांडल्या. सुती, वेणीसारख्या विणलेल्या, मेणात बुडवून ताठ केलेल्या, प्रत्येकीच्या बुडाला पत्र्याची चकती. दोऱ्यासारख्या बारीक वातीपासून बुटाच्या नाडीइतक्या जाड वातीपर्यंत दहा-बारा प्रकार. त्याने मला सावकाश समजावलं. बरणी रुंद तर वात जाड, बरणी अरुंद तर वात बारीक. सोयाचं मेण जरा आळशी, त्याला वितळायला ताकद लागते. आणि त्यात सुगंध घातला की सगळंच बदलतं.

"पहले दो-तीन बना के, जला के देखना," तो म्हणाला. "फिर सब बनाना."

मी त्याचं ऐकत नव्हते. मी वाती बघत होते. सगळ्यात बारीक वात इतकी नाजूक होती, की एका दमात ओढलेली पेन्सिलीची रेघच. पांढऱ्या मेणात ती काय शोभली असती.

"ही द्या," मी म्हटलं. "पचास."

"टेस्ट करोगे ना, बेन?"

"हां, हां."

घरी आल्यावर संजयने वात बोटांत धरून पाहिली. "एक करून बघ आधी."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत. म्हणून म्हणतोय, एक करून बघ."

सासूबाई सोफ्यावर बसून कापसाच्या वाती वळत होत्या. वय ऐंशी, जन्म मालवणकडचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी लांबूनच बरणी आणि वात बघितली.

"इतक्या मेणाक इतकीशी वात? हत्तीक सुतळेन बांधल्यागत दिसता."

"आई, ही वेगळी पद्धत असते."

"असात बापडी. माका कोण इचारता."

दोन दिवस मी मेण ओतलं. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात स्टीलचा डबा, डब्यात मेण. डायनिंग टेबलावर बरण्या, ओट्यावर बरण्या, शिलाई मशीनवर बरण्या. वात मधोमध उभी राहावी म्हणून प्रत्येक बरणीवर एक आडवी काडी लागते. घरातल्या सगळ्या पेन्सिली, ब्रश आणि केतकीचे दोन आयलायनर त्यात गेले. मोगऱ्याचा वास इतका पसरला की आमटीला मोगरा, चहाला मोगरा, आणि संजय ऑफिसात गेला तर लिफ्टमधल्या माणसाने त्याला विचारलं, "साहेब, लग्न आहे का कुणाचं?"

दुकानदाराने सांगितलेलं एवढंच मी ऐकलं होतं की सोयाची मेणबत्ती पंधरा दिवस मुरू द्यायची. लोणच्यासारखी. मी मुरू दिली. बरण्यांना चिठ्ठ्या रंगवल्या, फिती बांधल्या. देखणं प्रकरण झालं होतं. फोटो काढून मुलुंडला पाठवले. शुभदाताईंचा निरोप आला, 'फारच सुरेख. जळतात कशा?' त्यावर मी एक हसरा चेहरा पाठवला आणि काड्यापेटी घेतली.

सगळे जमले. मी पहिली मेणबत्ती पेटवली. मोहरीएवढी ज्योत आली. आम्ही वाट बघितली. ज्योत मोहरीएवढीच राहिली, फक्त ती हळूहळू खाली जायला लागली. वातीच्या भोवतीचं तेवढं मेण वितळलं आणि बाकी सगळं जिथल्या तिथे घट्ट. अर्ध्या तासाने बरणीच्या मधोमध करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या तळाशी ती मोहरी गटांगळ्या खात होती. मग ती स्वतःच्याच मेणात बुडाली.

संजयने मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. "बोअरवेल लागली."

"एखादी असेल तशी," मी म्हटलं.

दुसरी पेटवली. तिसरी पेटवली. सातव्या मेणबत्तीनंतर केतकी उठून आत गेली. मी मागे गेले. ती पलंगावर बसली होती.

"आई, त्यांच्यासमोर एवढी फुशारकी कशाला मारलीस गं? लग्नानंतर मला त्या घरात राहायचंय. उद्या मी भाजी केली तरी त्या विचारतील, टेस्ट केली होतीस का."

हे ती हसून म्हणाली असती तर चाललं असतं. ती हसली नाही. 

बाहेर सासूबाईंनी कामाला सुरुवात केली होती. एका बोअरवेलमध्ये त्यांनी स्वतःची फुलवात, तूप लावून, अलगद बसवली होती. "दिव्यात जळता ती हयसर कित्याक जळाची नाय?" त्यांचा तर्क बिनतोड होता. वात झकास पेटली. आम्ही सगळे खूश झालो. मग आजूबाजूचं मेण वितळलं, फुलवातीचे पाय सुटले, आणि ती पेटलेली ज्योत छोट्या होडीसारखी तरंगत निघाली. आधी बरणीच्या या काठाला, मग त्या काठाला. एका काठाला ती टेकून जरा विसावली आणि काच टिक करून तडकली. मेण टेबलक्लॉथवर, टेबलक्लॉथवरून संजयच्या पायावर.

"तुझा मेणच खोटा," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्यात केतकीने सांगितलं की येत्या रविवारी निनादचे आईबाबा आमच्याकडे येणार आहेत. हॉलवाल्याला भेटायला बोरीवलीत यायचंच होतं, तर म्हणे मेणबत्त्याही बघून जाऊ.

मी दुसऱ्याच दिवशी घाटकोपर गाठलं. दुकानदाराने मला ओळखलं. त्याने खालून एक मोजपट्टी काढून काउंटरवर ठेवली. आता बरणी मी बरोबर आणली नव्हती, हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? (खरं तर तडकलेली तरी आणता आली असती. पण घाईत माणसाला सुचत नाही.)

"सबसे मोटा वाला दो," मी म्हटलं.

"बेन..."

"सबसे मोटा."

बारीक वातीने घात केला तर जाड वात तारील, हा माझा साधा हिशेब. दोन दिवसांत मी सगळ्या बरण्या गरम पाण्यात ठेवून मेण काढलं, जुन्या वाती उपटल्या, बुटाच्या नाड्या लावल्या आणि पुन्हा ओतलं. या वेळी एक करून बघायला वेळच नव्हता. मागच्या वेळी होता, तेव्हाही बघितलं नव्हतं, पण ते जाऊ दे.

रविवारी शुभदाताई आणि त्यांचे यजमान श्रीकांतराव आले. श्रीकांतराव गोड माणूस. कमी बोलतात, खाल्लेल्याचं कौतुक करतात. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा झब्बा घालून आले होते. मी दडपे पोहे केले होते. सगळे टेबलाभोवती बसले आणि मी मधोमध एक मेणबत्ती ठेवून पेटवली.

ज्योत आली. चांगली मोठी आली. मी संजयकडे विजयाने बघितलं. ज्योत अजून मोठी झाली. मग ती वीतभर झाली आणि तिच्या टोकातून काळ्या धुराची एक सरळ, सुबक रेघ छताकडे निघाली. (रेघ म्हणून उत्तम होती. मी विद्यार्थ्याला दहापैकी नऊ दिले असते.)

"अशीच असते का ज्योत?" श्रीकांतरावांनी अदबीने विचारलं.

"सुरुवातीला असते," मी म्हटलं.

वातीच्या टोकाला काळं, गोल बोंड धरलं, अळंबीसारखं. ते फुटून त्याच्या ठिणग्या मेणात पडायला लागल्या. छतावर पुरीएवढा डाग उमटला आणि आमच्या देखत त्याची भाकरी झाली. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "होमात बसल्यागत वाटता गो."

तेवढ्यात मी ते केलं, ज्याबद्दल घरात अजूनही माझं नाव निघतं. धूर जावा म्हणून मी उठून पंखा लावला. पाचवर.

पंख्याने धूर घालवला नाही. त्याने तो सगळ्यांना सारखा वाटला. हवेत काजळीचे बारीक बारीक तंतू तरंगायला लागले आणि सावकाश, अगदी बर्फ पडावा तसे, खाली उतरले. दडप्या पोह्यांवर उतरले, खोबऱ्यावर उतरले, शुभदाताईंच्या केसांवर उतरले, आणि श्रीकांतरावांच्या झब्ब्यावर तर अगदी आवडीने उतरले. त्यांनी एक तंतू झटकला. काजळी झटकायची नसते. झब्ब्यावर खांद्यापासून खिशापर्यंत एक काळा पट्टा उठला.

ज्योत पंख्याच्या वाऱ्याने आडवी होऊन काच चाटत होती. वरच्या मजल्यावरून फोन आला की तुमच्या खिडकीतून काही येतंय का. संजयने शांतपणे पंखा बंद केला, मेणबत्तीवर आमटीचं झाकण उपडं ठेवलं आणि म्हणाला, "सगळे जागेवर बसा. सुरक्षित आहात." ही त्याची कामावरची सवय.

केतकी पोह्यांकडे बघत होती. मला वाटलं, जमलेलं लग्न मी एका वातीने मोडलं.

"शुभदाताई," मी म्हटलं, "खरं सांगू? मला मेणबत्त्या येत नाहीत. मी कधी केल्याच नव्हत्या. तुम्ही डबे म्हणालात आणि मला उगाच वाटलं की आपण काहीतरी भारी दाखवावं. केतकीचा यात काही दोष नाही. ती पहिल्यापासून नको म्हणत होती."

शुभदाताईंनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल होते, बाकी चेहरा करडा. त्यांनी झाकण उचललं, बरणीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "वात कापली होती?"

"कापायची असते?"

"पेटवायच्या आधी अर्धा सेंटीमीटर ठेवून कापायची. तुम्ही बोटभर ठेवलीय." मग त्यांनी पर्स उघडली आणि आतून एक छोटी मापाची टेप काढली. ही बाई पर्समध्ये टेप ठेवते, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी बरणीच्या तोंडावर टेप धरली. "सात सेंटीमीटर. दुकानदाराचा नंबर आहे?"

पुढची दहा मिनिटं त्या घाटकोपरच्या दुकानदाराशी फोनवर बोलल्या. व्यास किती, मेण कुठलं, सुगंध शंभराला किती. मी त्या माणसाला इतकं आनंदी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, (फोन स्पीकरवर होता) "बेन, आप पहले क्यों नहीं आए?"

"चार मापं सांगितलीत त्यांनी," शुभदाताई म्हणाल्या. "तुमच्या बारीक आणि जाड, दोन्हींच्या मधली. चार बरण्या करा. मेण तेच, वास तोच, बरणी तीच. वात तेवढी वेगळी. एक आठवडा राहू द्या. पुढच्या रविवारी आमच्याकडे घेऊन या, एकदम पेटवू."

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले ना. पण राग आल्यावर मला काहीतरी मोजावंसं वाटतं."

श्रीकांतरावांनी तेवढ्यात काजळीचे पोहे संपवले होते. "पोहे छान होते," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही चार बरण्या मांडीवर घेऊन मुलुंडला पोचलो. शुभदाताईंनी त्यांच्यावर, बारीक वातीपासून जाड वातीकडे, क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावल्या, कात्रीने चारही वाती सारख्या कापल्या, वहीत रकाने आखले आणि घड्याळ लावून पेटवल्या. मग त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि एसीचा रिमोट कपाटात ठेवला.

"वारा लागता कामा नये. तीन तास."

ऑक्टोबर महिना होता. ज्यांनी मुंबईत ऑक्टोबरची दुपार काढली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या अर्ध्या तासात सगळे नीट बसले होते, 'घ्या ना', 'नको, तुम्ही घ्या' चाललं होतं. तासाभराने श्रीकांतराव "माफ करा हं" म्हणून आत गेले आणि बनियनवर बाहेर आले. संजयने त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं आणि शर्टाची बटणं सोडली. सासूबाईंनी सोफा सोडून थंड लादीवर बैठक मारली. मग एकेक करून सगळेच खाली उतरलो. निनादने पत्ते आणले. इतके दिवस जे आम्ही 'अहो वंदनाताई' आणि 'अहो शुभदाताई' करत होतो, ते विसरून तिसऱ्या डावाला मी "अगं शुभदा, हुकूम काय बोललीस?" असं बोलून गेले. जीभ चावली. ती घाम पुसत म्हणाली, "बदाम. आणि तू मघाशी बदाम लपवलास, मी बघितलंय."

दर अर्ध्या तासाला शुभदा उठून मोजायची. क ची ज्योत लहान, कडेचं मेण जागचं हलेना. घ ने काजळी धरली, काच हाताला चटका देईल इतकी तापली. शर्यत राहिली ख आणि ग मध्ये. ग ची ज्योत उंच, नाचरी, आणि तिचं मेण दोन तासांतच काठापर्यंत वितळून तळ्यासारखं चमकत होतं. ख सावकाश चालली होती, तीन तासांनीही काठाला कागदाएवढी मेणाची कड उरली होती.

"ग," मी म्हटलं. "प्रश्नच नाही."

"माजी ख," सासूबाई म्हणाल्या. "गरीब असा. शांतपणी जळता."

"ख," शुभदा म्हणाली. "मेण खाली गेलं की बरणी भट्टीसारखी तापते. ही कड तेव्हा आपोआप सुटेल. ग आत्ताच एवढी जोरात आहे, तर खाली गेल्यावर घ होईल."

तसंच झालं. आम्ही गेल्यावर तिने दोन्ही रोज थोड्या थोड्या जाळल्या आणि मला फोटो पाठवले. अर्ध्यावर आल्यावर ग काळवंडली. ख शेवटपर्यंत स्वच्छ जळली. दिसण्यावरून केलेली माझी निवड नेहमीप्रमाणे चुकली.

त्याच रविवारी निघताना पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेले. चुकून दुसरंच कपाट उघडलं. आत स्टीलचे डबे. नवेकोरे, घट्ट झाकणाचे. मी मोजले नाहीत, पण किती असणार ते कळत होतं.

"शुभदा, हे काय?"

ती पहिल्यांदाच जरा ओशाळली. "तुम्ही त्या दिवशी चहा पिऊन गेलात ना, त्याच आठवड्यात आणून ठेवले."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता."

"विश्वास होता गं. तपासलेला नव्हता."

क्षणभर मला राग आला. मग मला आमच्या छतावरची भाकरी आठवली आणि हसू फुटलं. ती पण हसायला लागली. आम्ही दोघी फ्रिजला टेकून इतकं हसलो की केतकी धावत आली. तिला वाटलं भांडण झालं. ती दारात उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा शुभदाकडे बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं गेल्या महिनाभराचं ओझं उतरताना मला दिसलं.

तडकलेल्या बरणीच्या जागी तशीच नवी आणून शेवटच्या खेपेचं मेण आम्ही दोघींनी मिळून बोरीवलीत ओतलं. मी ओतायचे, ती व्यास मोजायची. सगळ्या बरण्या एकाच कारखान्यातून आल्यात हे सांगूनही तिने चाळीसच्या चाळीस मोजल्या. साखरपुड्याला प्रत्येक पाहुण्याला मेणबत्ती मिळाली, स्टीलच्या डब्यात बसवलेली. डब्यात शुभदाने छापून घेतलेली चिठ्ठी होती: पेटवण्याआधी वात अर्धा सेंटीमीटर कापावी, पहिल्यांदा सलग तीन तास जळू द्यावी, पंख्याखाली ठेवू नये. संजयच्या मावशीने ती वाचून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

महिनाभराने शुभदाने सगळ्या पाहुण्यांना फोन केले. मेणबत्ती कशी जळाली ते तिला वहीत लिहायचं होतं. संध्याकाळी तिचा मला फोन आला. आवाज पडलेला.

"वंदना, एकानेही पेटवली नाही गं."

"काय सांगतेस?"

"मावशींनी शोकेसमध्ये ठेवलीय. कुणी साड्यांच्या कपाटात, वासाला. कुणी म्हणतं, इतकी सुंदर आहे, जाळायला जीव होत नाही."

मला संताप आला. आम्ही उकडून निघालो, छत काळं झालं, एका सज्जन माणसाचा झब्बा गेला, कशासाठी? तर योग्य वात मिळावी म्हणून. आणि हे लोक तिला काडीसुद्धा लावत नाहीत. "लोकांना ना, वस्तू वापरायची अक्कलच नाही," मी म्हटलं. चांगली वस्तू माणसाने लगेच वापरावी, यावर मी शुभदाला बराच वेळ ऐकवलं. तिलाही ते पटलं.

त्यानंतर चारच दिवसांनी संध्याकाळी आमच्या सोसायटीची लाइट गेली. काळोख गुडुप्प. केतकीने चाचपडत शेल्फावर उरलेल्या दोन बरण्यांमधली एक काढली आणि संजयने काडी ओढली.

"अरे, थांब," मी म्हटलं. "ती नको. चांगली आहे ती. साधी बघ ना एखादी."

साधी घरात नव्हती. लाइट येईपर्यंत पाऊण तास आम्ही चौघं काळोखात बसून राहिलो. मोगऱ्याचा वास मात्र झकास येत होता.